मयतानंतरची दुपार

डहाणूजवळच्या चिखल्याच्या आमच्या चिकूच्या वाडीत मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. २०१५ साली तिथे एक परदेशी जोडपं भाड्याने आलं. साहेब तलासरीकडच्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी नवी यंत्रं बसवायला आले होते. मी निवृत्त शिक्षिका, इंग्रजी येणारी. त्यामुळे दोघांना इथलं जगणं शिकवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मला तशी खोडच होती.

आणि शिकवण्यासारखं काय कमी होतं? साहेब चिकू झाडावर मऊ व्हायची वाट बघत बसले. चिकू कडक असतानाच उतरवून घरात पिकवायचा, हे मी सांगेपर्यंत वटवाघळांची चंगळ झाली. भर बाराच्या उन्हात दोघं समुद्रावर फिरायला जायची आणि लालबुंद होऊन परतायची. पहिल्या पावसाळ्यात चामडी बुटांवर बुरशी आली तेव्हा मॅडम चक्क रडली. मी म्हटलं, "अगं, इथे माणसांना बुरशी येते, बुटांचं काय घेऊन बसलीस!" तिला काही हसू आलं नाही.

साहेब मात्र रुळले. कामावर जायच्या आधी ते मासळी सुकवणाऱ्या बायकांपाशी मराठी शिकायला जाऊन उभे राहायचे. आमची शेजारीण त्यातलीच एक. ती ओरडायची, "साहेब, बोंबलावर सावली नको पाडू, सुकायचा नाय!" पुढे पुढे तेच तिच्या हातातले बोंबील घेऊन बांबूवर टांगू लागले. तीन वर्षं संपल्यावरही परत गेले नाहीत. मॅडमला मराठी येईना, सुक्या मासळीचा वास सोसवेना. ती दारातून बघत राहायची. "हे सगळे त्याचे लोक आहेत, ताई," ती मला इंग्रजीत म्हणायची. "माझी इथे तू एकटीच."

२०१९च्या उन्हाळ्यात साहेबांचं हृदय बंद पडलं. मूलबाळ नव्हतं. मला इथेच अग्नी द्या, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. कागदपत्रांत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कप देशील? असतील तेवढे." मी दोन डझन काढून दिले. कशाला, ते विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत, हा माझा शहाणपणा.

सगळं गाव मयताला आलं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, पण ती जाणार म्हटल्यावर आम्ही दहा-बारा जणीही गेलो. अग्नी दिल्यावर ती एकेकासमोर हात जोडून "घरी या, घरी या" म्हणत फिरली. तेवढं मराठी तिने पाठ केलं होतं. आम्ही माना खाली घातल्या. अशा वेळी कोणी कोणाला बोलावत नाही, निरोपही घेत नाही. बिचारीला भान नाही, असं समजून लोक मुकाट निघाले आणि आपापल्या घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायचा, ही आमची रीत. सासूबाई म्हणाल्या, "तिला जरा पडू दे, दिवेलागणीला ने." मीही आडवी झाले. मला गाढ झोप लागली, हे लिहितानाही लाज वाटते.

दिवेलागणीला पातेलं घेऊन गेले तर दार सताड उघडं. ओटीवर दोन टेबलं जोडून पांढरी चादर अंथरलेली. तिच्यावर केक, काकडीची सँडविचेस आणि ओळीने मांडलेले माझे कप. सँडविचेस सुकून त्यांच्या कडा वर आल्या होत्या, केकला मुंग्या लागल्या होत्या. ती सकाळच्याच कपड्यांत खुर्चीवर बसली होती.

"कोणीच आलं नाही," ती म्हणाली.

तिच्या देशात स्मशानातून सगळे घरी येतात. खातात, पितात आणि गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगतात. दोन दिवस ती त्याचीच तयारी करत होती. "ते काय बोलतात ते तू मला सांगणार होतीस," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल त्यांच्या तोंडून ऐकायचं आणि मग इथेच राहायचं, असं मी ठरवलं होतं."

मी आमची रीत समजावून सांगितली. आत्ता जाऊन सगळ्यांना घेऊन येते, म्हटलं. तिने मान हलवली. "मुद्दाम आणलेली माणसं नकोत मला." मयताच्या घरचं खायचं नसतं; पण सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत, मी एक सँडविच उचलून खाल्लं. चार वर्षं मी तिला इथलं सगळं शिकवत होते. तुमच्याकडे माणूस गेल्यावर काय करतात, एवढं एकदाही विचारलं नव्हतं.

तेराव्याच्या आधीच ती निघाली. डहाणू स्टेशनला जायची रिक्षा दारात उभी राहिली तशी शेजारीण धावत आली आणि तिचे हात धरून ओक्साबोक्शी रडू लागली. "मॅडम, माजा घरवाला होडी घेऊन परत आला नव्हता ना, तवा साहेब माज्याबरोबर अख्खा दिवस किनाऱ्यावर उभा होता. जेवला पन नाय. होडी दिसली तवा माज्या आधी तोच रडला."

मी एकेक वाक्य तिला इंग्रजीत सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मला हे त्या दुपारी हवं होतं," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.