आम्ही सगळ्यांना कळवलं होतं

सैन्यासाठी आम्ही जे यंत्र बनवतो ते चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हातारपणी पश्चात्तापाचं खूळ डोक्यात शिरलं, असं म्हणायला लोक मोकळे. सीमेवरच्या चौकीत ते ठेवलं की घोंघावत्या वाऱ्यातसुद्धा लांबून येणाऱ्या ड्रोनचा आवाज ते माणसाच्या आधी ओळखतं. त्यानं जवानांचे जीव वाचतात. मला सलतं ते वेगळंच, आणि ते घडलं खडकीत, एका दोन खोल्यांच्या घरात.

या यंत्राच्या आधी आम्ही मनगटी पट्टे विकायचो. शनिवार पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमचं दुकान, कारखाना, ऑफिस, सगळं एकत्र होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा पट्टा. दाराची बेल वाजली की तो मनगटावर एकदा थरथरायचा, कुकरची शिट्टी झाली की दोनदा, आणि मूल रडलं की बटण दाबेपर्यंत थांबायचाच नाही. पण आवाज ओळखण्याची अक्कल पट्ट्यात नव्हती, ती आमच्या माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये होती. पट्टा इंटरनेटवरून त्याला विचारायचा, मग थरथरायचा. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

खडकीची ती मुलगी पंचविशीची असेल. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तो सकाळीच बेकरीत कामाला जायचा, ती घरी ब्लाउज शिवायची. दोन महिन्यांची लेक शेजारी पाळण्यात. दर चार टाक्यांनी मान वळवून बघायचं, पोर रडतंय का. आमच्याकडे प्रत्येक बाळाचं रडणं तीनदा रेकॉर्ड करून पट्ट्याला शिकवावं लागायचं, म्हणून ती लेकीला घेऊन आली. ती पोरगी काही केल्या रडेना. आम्ही चार बाप्ये तिच्यापुढे तोंडं वेडीवाकडी करत बसलो, तर ती हसायला लागली. शेवटी भुकेनं रडली एकदाची. आईच्या हातातला पट्टा थरथरला तेव्हा तिनं माझ्या वहीत लिहिलं, "आता मी खाली मान घालून शिवू शकेन."

पुढे एक निवृत्त फौजी अधिकारी सहज म्हणून माडीवर आले. बाळाचं रडणं आणि मांजराचं ओरडणं आमचा कॉम्प्युटर बरोबर वेगळं करतो, हे त्यांनी बघितलं आणि विचारलं की जनरेटर आणि ड्रोन वेगळे करता येतील का. आले करता. मग काय विचारता! माझ्या डोक्यात हवा गेली. माडी सोडून सगळं वाघोलीच्या शेडमध्ये हलवलं, दारावर पहारा बसला, आणि आम्ही मनगटी पट्ट्यांना 'जुना धंदा' म्हणायला लागलो. सैन्याच्या कामाच्या जागेत बाहेरची इंटरनेट लाइन चालणार नाही, असा नियम होता. म्हणजे पट्ट्यांचा कॉम्प्युटर दुसरीकडे हलवायचा, नाहीतर बंद करायचा. हलवायला एका माणसाचा एक आठवडा लागला असता. मी बंद केला.

तसा मी नियमाचा माणूस. तीन महिने आधी सगळ्या ग्राहकांना फोन गेले. मजकूर मी स्वतः लिहिला, 'आपण', 'दिलगीर आहोत' वगैरे घालून. गोड आवाजाच्या बाईकडून तो रेकॉर्ड करून घेतला. सगळे फोन लागल्याचा कागद आला, त्यावर सही केली आणि जीव भांड्यात पडला.

पट्टे बंद झाल्यावर दहा-बारा दिवसांनी पहारेकऱ्यानं मला एक चिठ्ठी आणून दिली. ती मुलगी येऊन गेली होती, त्यानं तिला आत सोडलं नव्हतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की पट्ट्याचा हिरवा दिवा लागत होता म्हणून तिला तो चालू वाटला. पट्टे बंद झाले त्याच दिवशी ती नेहमीसारखी शिवत बसली. लेकीचा हात पाळण्याच्या गजांत अडकला. शेजारच्या काकू बाजारातून परतल्या तेव्हा कळलं, तोवर पोर किती वेळ रडत होतं देव जाणे. हात कोपरापर्यंत सुजला होता. शेवटी लिहिलं होतं, मला कुणीच कळवलं नाही.

माझं डोकंच फिरलं. रात्री जेवताना बायकोपुढे तणतणलो, लोकांना कितीही कळवा, वर आपल्यालाच बोलणार, एकूण एक माणसाला फोन केला होता मी.

बायकोनं ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "फोन केलात. बहिऱ्यांना."

सात वर्षं आम्ही या माणसांशी वहीत लिहून बोललो होतो. आणि त्या शेडमधल्या एकाही हुशार डोक्यात हे आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी उठून गेलो असतो तर काहीतरी सावरलं असतं. पण पुढच्या आठवड्यात यंत्राची चाचणी होती. मग दुसरी चाचणी, मग वाळवंटात तिसरी. चिठ्ठी आधी खिशात होती, मग टेबलाच्या खणात गेली. असे पाच महिने गेले. लाज वाटते सांगायला, पण त्या पाच महिन्यांत मी मजेत होतो.

शेवटी एका इंजिनिअरला बसवलं. त्यानं सहा दिवसांत पट्ट्यांचा कॉम्प्युटर बाहेर हलवून चालू केला. मी नवा पट्टा घेऊन एका रविवारी दुपारी खडकीला गेलो. तिनं ओळखलं, खुर्ची दिली, चहा टाकला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफीचं पान लिहून नेलं होतं, ते तिनं वाचलं, मान हलवली आणि घडी करून मला परत दिलं. पट्टा मात्र लगेच बांधला.

लेक आता चालायला लागली होती. रिकामी रिळं गोळा करत होती. शिलाई मशीनच्या पायडलला अडखळली आणि कपाळ लोखंडी पायावर आपटलं. आवाजानं मी दचकून उठलो. पोरीचा चेहरा लालबुंद झाला, तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. ती तशीच उठली, आईकडे चालत गेली, दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि तिला आपले डोळे दाखवले.

आईनं तिला उचललं, कपाळ चोळलं. मग मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वही ओढून लिहिलं, "काकू सांगतात, ही आता रडताना आवाज करत नाही."

मी तिच्या हातातून पट्टा काढून घेतला आणि तपासला. त्यात काही बिघाड नव्हता.