छातीवर छापलेलं रक्त

त्या टी-शर्टवरचं चित्र आधी सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावरून झालं. पांढरा, गोल गळ्याचा टी-शर्ट. छातीवर एक हात, खऱ्या हाताएवढा. मनगटातून आरपार गेलेला खिळा, आखडून आत वळलेली बोटं, नखांत काळं. जखमेतून निघालेल्या तीन लाल धारा पोटावरून थेट खालच्या शिवणीपर्यंत. पाठीवर एक कवटी, जबडा तुटलेली, कारण ज्या टेकडीवर येशूला क्रूसावर दिलं तिला कवटीची जागाच म्हणत. अक्षर एकही नाही. हे चित्र तुमच्या आईने, माझ्या मुलीने, काढलं होतं. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाने हे टी-शर्ट उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, फेरीत घालायचे होते.

भिवंडीतलं आमचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका शेडला पाठ लावून होतं. वीज असेल तोवर चोवीस लूम एकदम आदळत आणि मांडणीतले कप त्या तालावर हलत. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि मुलींनी हळू बोलावं असा माझा आग्रह असे; घरी मात्र आम्ही सगळे ओरडून बोलत होतो. शेडमध्ये प्रथमोपचाराची पेटी नव्हती, माझ्याकडे होती, म्हणून जखमी माणसं आमच्या मागच्या दाराशी येत. लूममधून सुटलेला धोटा, आडवा धागा नेणारा टोकदार लाकडी तुकडा, बंदुकीच्या गोळीसारखा जातो. एकाच्या गालाचं हाड त्याने फुटलेलं मी पाहिलं, एकाचा डोळा गेला. कापूस आणि चिमटा माझ्या हातात द्यायला तुमची आई असायची, अगदी दुसरी-तिसरीत असल्यापासून.

ती नववीत असताना शेडमधल्या चाचांचा उजवा हात पट्ट्यात गेला. ते बनारसकडचे, आमच्या शेजाराला दहा वर्षं होते. रिक्षा येईपर्यंत मी त्यांचा हात वर धरून उभी होते आणि रक्त माझ्या कोपरावरून टपकत होतं. हात वाचला, पण बोटं आत वळली ती कायमची. टी-शर्टवरचा हात तो. तिने त्यांना विचारून, ओट्यावर बसवून काढला होता. चाचांना गंमत वाटली. “बेटी,” ते म्हणाले, “इस हाथ से तो मालिक भी डरता है. लोग चर्च छोड़ के भाग जाएँगे.”

घरामागच्या पडवीत तिने कपड्यांवर छापायचं काम सुरू केलं होतं. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, जाळीत उमटवलेलं चित्र, वरून रबरी पट्टीने ओढलेला रंग. वर्षभरात तिच्या हाती दुकानांच्या पिशव्या आणि क्रिकेटच्या संघांची नावं एवढंच काम आलं होतं. तुमच्या आजोबांना हे पसंत नव्हतं. ते मंडळीचे पंच होते, शब्दाचे पक्के, आणि मुलीने माझ्या शाळेत नोकरी धरावी असं त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं.

चित्र पाहायला पाळकसाहेब आणि दोन पंच आमच्याकडे आले. पाळकसाहेबांचं म्हणणं, आपल्या मंदिरातला क्रूस रिकामा आहे, येशू मेलेल्यांतून उठला म्हणून तो रिकामा, हे आपण मुलांना शिकवतो, आणि तुम्ही त्यावर पुन्हा मांसाचा हात ठोकताय. खारबावहून येणारे पंच वयाने सगळ्यांत मोठे. त्यांनी टी-शर्ट दोन बोटांत धरला. “पोरी, ह्यो मटणाच्या दुकानाचा बोर्ड हाय. देवाचं कापड न्हाय.”

तुमची आई शांतपणे म्हणाली की तुम्ही सगळे गळ्यात सोन्याचा क्रूस घालता, तो काय फुलाचा आहे? माणसं टांगून मारायचं लाकूड आहे ते. सोन्याचं केलं म्हणून कुणाला किळस येत नाही, एवढंच.

माझी हरकत वेगळी होती आणि ती मी मांडली. कपडा हा कपडा असतो. तो घामाने भिजतो, मोरीत इतर कपड्यांबरोबर पडतो, आणि दोन वर्षांनी त्याचं फडकं होतं. उद्या तू त्या हाताने लादी पुसणार का?

“त्याने लोकांचे पाय धुतले, आई,” ती म्हणाली. “त्याला फडक्याचं काय?”

माझं मत त्यामुळे बदललं नाही, हे लिहून ठेवते.

शेवटी आजोबांनी निवाडा केला. फेरीत टी-शर्ट घालू देऊ, पण एक जरी तक्रार आली तर पडवी रिकामी करायची आणि शाळेतली नोकरी धरायची. हे त्यांनी पंचांसमोर म्हटलं आणि तिने पंचांसमोर होकार दिला. म्हणजे त्या चाळीस टी-शर्टांवर तिचं सगळं काम टांगलेलं होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती माझी होती. छापलेला रंग कापडात पक्का व्हायला कडक इस्त्रीची उष्णता लागते. ती मिळाली नाही तर वरून कोरडा दिसतो, आत कच्चाच असतो. ती लोडशेडिंगची वर्षं होती. त्या आठवड्यात दिवसाचे आठ-नऊ तास वीज नसे आणि आली की व्होल्टेज इतकं कमी की इस्त्री कोमट व्हायची. मीच कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची इस्त्री मागून आणली. गुरुवारी दुपारपासून तुमची आई एकेक टी-शर्ट त्या इस्त्रीखाली दाबत होती, चेहरा भाजून निघालेला. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. मग मी घड्याळ पाहिलं. गुरुवारची उपासना सातची होती, आणि आमचं कुटुंब उपासनेला कधी उशिरा गेलेलं नव्हतं. ती म्हणाली, उरलेले राहतील. मी म्हटलं, दोन दिवस उन्हात वाळलेत, पुरे झालं, ऊठ. तिने माझं ऐकलं.

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी सगळे पांढरं नेसतात. अंगावर रंग नाही, दागिना नाही. सकाळी मंदिरातून निघून दोन पुरुष उंचीचा क्रूस खांद्यावर घेऊन हायवेच्या बाजूच्या मैदानापर्यंत चालायचं. प्रत्येक चौकात क्रूस पुढच्याच्या खांद्यावर द्यायचा आणि देणाऱ्याने घेणाऱ्याला मिठी मारायची. मग मागचे सगळेही आपापल्या शेजाऱ्याला मिठी मारतात. कुठून आली ही रीत, कुणाला ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे.

एप्रिलचं ऊन. पहिल्या चौकापर्यंत टी-शर्ट घामाने छातीला चिकटले. दुसऱ्या चौकात मिठ्या झाल्या तेव्हा माझ्या पांढऱ्या पदरावर लाल बोटं उमटलेली मला दिसली. तिसऱ्या चौकात पाळकसाहेबांचा झगा पुढून लाल होता. लोक कपाळाचा घाम पुसत होते आणि तोच हात तोंडावर फिरवत होते. तुमच्या आईच्या लक्षात आलं होतं. ती रांगेतून पुढे धावत होती, सांगत होती की मिठी मारू नका, पण भजन चालू होतं आणि बाजूच्या शेडमध्ये वीज आली होती. लूम सुरू झाले. तिचं कुणाला ऐकू गेलं नाही.

रस्त्यावरच्या माणसाने काय पाहिलं असेल याचा विचार मी पुष्कळ केला आहे. साठ-सत्तर माणसं, तोंडाला, छातीला, हाताला रक्त, खांद्यावर एक लाकूड, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. वरच्या गॅलरीतून एक बाई किंचाळली की मारलं, मारलं. पहिलं शटर पडलं. भिवंडीला भीतीची सवय आहे. शटरचा आवाज आला की लोक कारण विचारत नाहीत. समोरून येणारे मागे वळून पळाले, मागचे पुढे. एका टेम्पोने फेरीत घुसून रस्ता काढला, तेव्हा आमच्यातल्या एका मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. क्रूस सोडून दिला गेला आणि तो तरुण संघाच्या एकाच्या पावलावर आडवा पडला. त्याच्या ओरडण्याने बाकीचे आणखी पळाले. मग दगड आले. कुणी मारले ते कळलं नाही. मला वाटतं, घाबरलेल्या माणसाने घाबरलेल्या माणसावर मारले. मी एका बंद शटरला पाठ लावून उभी राहिले आणि माझ्या डोक्याजवळच्या पत्र्यावर दोन दगड आपटले.

धूळ खाली बसली तेव्हा तुमचे आजोबा गटाराच्या कठड्यावर बसलेले दिसले. ताठ, हात गुडघ्यांवर. कानाच्या वरून मानेपर्यंत आणि तिथून सदऱ्यावर लाल. तुमची आई त्यांच्याजवळ आधी पोचली. तिने ओढणीने त्यांचा गाल पुसला आणि म्हणाली, “पप्पा, रंग लागलाय. जाईल तो.” मग ती उठून त्या हाड मोडलेल्या मुलीकडे गेली. मीही त्यांच्याकडे पाहिलं आणि मलाही रंगच वाटला. मी, जिने पंधरा-सोळा वर्षं मागच्या दारात रक्त पुसलं. किती वेळ ते तसे बसले होते सांगता येत नाही. लोक त्यांच्यापुढून जात होते. सगळेच लाल होते.

चाचा शेडमधून धावत आले होते. ते आजोबांपुढे वाकले, आपल्या त्या वाकड्या हाताने त्यांचे केस बाजूला केले आणि माझ्या मुलीला हाक मारली.

“बेटी, इधर आ. ये रंग नहीं है.”

आजोबा तेव्हा कुशीवर कलंडले. कवटीवरची कातडी बोटभर उघडली होती.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमची आई धावत आली आणि मी तिला थोबाडीत मारली. भर रस्त्यात, मंडळीपुढे, दोनदा. तिच्या ओठातून रक्त आलं. गुरुवारी इस्त्रीवरून तिला मी उठवलं होतं, हे मारताना मला पक्कं आठवत होतं. चाचांनी माझा हात धरला आणि म्हणाले, मॅडम, पहले साहब.

आजोबांना नऊ टाके पडले. मी सगळ्यांचे कपडे थंड पाण्यात मीठ टाकून भिजवले. कच्चा लाल रंग पहिल्या पाण्यातच निघून गेला. सदऱ्याच्या कॉलरवर जे उरलं ते चौथ्या पाण्यानंतरही तपकिरी राहिलं, आणि त्यावरून मला कळलं की त्यांचं किती रक्त गेलं होतं.

आठवड्याने पाळकसाहेब आणि पंच पुन्हा आले, एक गोणी घेऊन. टी-शर्ट गोळा करून मंदिरामागे जाळायचे ठरलं होतं. आणि पडवीचं काय, असं त्यांनी विचारलं; अट सगळ्यांसमोर झाली होती. आजोबा खाटेवर होते, डोक्याला पट्टी, एक डोळा अजून सुजलेला. तुमची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा ओठही पुरता भरला नव्हता. तिने नोकरीचा अर्ज माझ्याकडे आधीच लिहून दिला होता.

आजोबा सावकाश बोलले. “अट माझी होती. डोकंही माझंच फुटलं. तक्रार करायची तर मी करायची, आणि माझी तक्रार नाही. चित्र खरं होतं.”

खारबावच्या पंचांनी विचारलं, “म्हंजे पुढल्या साली पुन्हा हेच घालायचं?”

“रंग पक्का करू. मी स्वतः घालीन.”

पाळकसाहेब काही बोलणार होते. तेवढ्यात तुमची आई म्हणाली, “माझी तक्रार आहे, पप्पा.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही माझ्यासमोर बसला होतात,” ती म्हणाली, “आणि मला तो रंग वाटला. मी तुम्हाला पुसलं आणि निघून गेले.”

आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने पडवीतून त्या चित्राची चौकट आणली, मोरीत उभी केली, जाळीवर ब्लीचिंगचं पाणी ओतलं आणि ब्रशने घासायला लागली. पंच तिच्या मागे येऊन उभे राहिले. आधी बोटं गेली, मग मनगट, मग खिळा. तिच्या हातांची सालं निघाली तरी ती थांबली नाही, आणि मी तिला थांबवलं नाही. खारबावच्या पंचांनीच शेवटी हळू आवाजात विचारलं, दुकान बंद करतेस का.

“दुकान नाही,” ती म्हणाली. “हे.”

पंच गोणी घेऊन गेले आणि संध्याकाळी मंदिराकडून जळत्या रंगाचा रबरासारखा वास आमच्या घरापर्यंत आला. आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की ती चुकली, चित्र ठेवायला हवं होतं. तिने त्यांच्याशी वाद घातला नाही. जास्त घासल्याने जाळी मधोमध फाटली होती. रविवारी उपासनेहून आल्यावर तिने चौकटीतले बारीक खिळे एकेक करून उपसले, नवी जाळी ताणून बसवली, माझ्याकडून अर्जाचा कागद परत मागून घेतला, आणि सोमवारी एका शाळेच्या खेळाच्या बनियनवर आकडे छापायला बसली.