काकांची पन्नासची लेन्स

वाईट वाटण्याआधी मला शंका आली.

परवा सकाळी करुणाताईचा फोन. "बाबा गेले रे प्रशांत. अन् तुह्यासाठी एक डबी ठेवून गेले."

मी काय विचारलं असेल?

"डबीत काय आहे?"

असा माणूस आहे मी. वरठीच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोट शोधायची, त्याचाच पगार. घरी आल्यावर ही सवय खुंटीला टांगता येत नाही. दूधवाल्याला विचारा. बायकोला तर विचारूच नका.

नामदेवकाका, म्हणजे करुणाताईचे वडील. स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझ्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. लग्नात त्यांच्या गळ्यात दोन सारखेच रेंजफाइंडर कॅमेरे असायचे. एकात रंगीत रोल, दुसऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट.

डोळे अधू झाले तेव्हा स्टुडिओ बंद केला आणि मला बोलावलं.

"एक कॅमेरा तू ने. एक मी ठेवतो, नातीचे फोटो काढाले."

लेन्सही दोनच. दोन्ही जुन्या, इवल्याशा. एक पस्तीस मिलिमीटरची, चपटी. दुसरी पन्नासची, दाबली की कॅमेऱ्याच्या पोटात जाणारी. मग सगळा कॅमेरा खिशात मावतो.

"पन्नासची ने," काका म्हणाले. "माणसाचा चेहरा हिच्यातच खुलते."

न विचारता सल्ला? मी मोबाइलचा टॉर्च लावला. पन्नासच्या काचेत धुकं. पस्तीसची एकदम स्वच्छ. काका हातवारे करून काहीतरी समजावत होते, पण माझं लक्ष टॉर्चमध्ये.

"पस्तीसची काहून नाही देत, काका?"

"ते मले लागते."

कशाला लागते, ते सांगितलं नाही. माझ्या डोक्यात पक्कं झालं. चांगला माल घरात, धूसर माल प्रशांतला.

तरी घेतली. फुकट ते पौष्टिक.

त्या वर्षी गावी, एकोडीला, आई शेवटची धानाच्या रोवणीला उतरली. गुडघे गेले होते, आता पुढच्या वर्षी बांधावरच बसणार, असं तिनंच सांगून टाकलं होतं. मी अख्खा रोल तिच्यावर घातला. छत्तीस फोटो. चिखलात वाकलेली आई. कंबर सरळ करून हसणारी आई.

ब्लॅक अँड व्हाइट रोल काका घरीच धुऊन द्यायचे. घ्यायला गेलो तर निगेटिव्ह दोरीवर वाळत होती.

छत्तीसच्या छत्तीस धूसर. आई कुठली आणि धान कुठलं, काही कळेना.

ती घेऊन मी बाहेर आलो. काका मागोमाग. समोरच्या चहाच्या टपरीवर प्लांटचे चार लोक उभे होते. मी त्यांच्यासमोरच सुरू झालो.

"खराब माल देल्ला तुमी मले, काका! चांगली लेन्स लपवून ठेवली. माह्या मायचे फोटो गेले!"

काकांनी निगेटिव्ह डोळ्यांना चिकटवून उजेडाकडे धरली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, सबब शोधताहेत.

मग आत गेले आणि पस्तीसची आणून माझ्या हातावर ठेवली.

"हे ने. ते वापस दे."

ना वाद, ना खुलासा. माझी खात्रीच पटली. साव असता तर भांडला असता!

त्यानंतर मी रोल नागपूरला धुवायला पाठवू लागलो. काकांच्या दारात गेलो नाही. पस्तीसचे फोटो छान यायचे, तुम्ही इथेच लाइक केलेत. आणि काकांनी मला कसं गंडवलं होतं, हा किस्साही तुमच्यातल्या बहुतेकांनी माझ्या तोंडून ऐकलाय. चार वर्षं सांगत होतो.

काकांनी नातीचा एकही फोटो काढला नाही असं कानावर आलं, तेव्हाही मी म्हणालो, "चोरी पकडली गेली ना."

काल काकांच्या घरी गेलो. ताईनं डबी दिली. आत पन्नासची लेन्स.

मी टॉर्च काढला. घरात माणूस गेलेला, समोर त्याची मुलगी, तरी काढला. धुकं होतं, पण जुन्या चष्म्यावर असतं तेवढंच.

"ओढ तिले," ताई म्हणाली.

"काय?"

"बाहेर ओढ. मंग फिरव. टक् वाजलं पायजे."

ओढली. फिरवली.

टक्.

मी ती कधी ओढलीच नव्हती. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो. लेन्स आत दबलेली असली की फोटो धूसर येतो, पण खिडकीत सगळं लख्ख दिसतं. मला आई लख्ख दिसत होती. छत्तीस वेळा.

"बाबाले निगेटिव्ह पाहूनच समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"मीबी तेच इचारलं. म्हणाले, पोरगा लोकायच्या चुका काढते. त्याचीच चूक चार लोकात काढली तं उद्या प्लांटमधी त्याले कोन मानंल? एकटा आला का सांगतो म्हणाले. तू आलाच नाही."

पस्तीसची त्यांना कशाला लागत होती, तेही ताईनंच सांगितलं. त्या डोळ्यांना फोकस जुळत नव्हता. पस्तीसच्या लेन्सवर अंतर अंदाजानं लावलं तरी फोटो निघतो. पन्नासची तेवढं चालवून घेत नाही. नातीचे फोटो त्यांना फक्त पस्तीसनंच काढता आले असते.

आणि ती माझ्याकडे होती.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "नामदेवभाऊ तसा मानूस नोहे, हे मी तवाच म्हनलं होतं. तू कोनाचं आयकतेस?"

आज सकाळी पस्तीसची ताईला नेऊन दिली. काकांच्या कॅमेऱ्यावर बसवली, नातीला अंतर लावायला शिकवलं. खूप उशिरा, माहीत आहे.

बोललो होतो चार लोकांत, म्हणून हेही सगळ्यांसमोर लिहितोय. काकांची लेन्स चांगली होती. काकांनी मला फसवलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती त्यांनी चार वर्षं स्वतःच्या नावावर वागवली. ज्यांनी माझ्याकडून तो किस्सा ऐकलाय, त्यांनी कृपा करून हाही पुढे सांगावा.

काका, पन्नासची माझ्याजवळ आहे. आधी ओढतो, मग फिरवतो.

जयभीम.