ओळख निघाली

चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी विचारते, "ऑनलाइन अनोळखी माणसाशी बोलायचं का?" आणि अख्खा वर्ग छत उडेल अशा आवाजात ओरडतो, "नाही!" बाईंना काय ऐकायचं असतं ते मुलांना बरोबर ठाऊक असतं. या विषयाचा एक तक्ताही शाळेत आहे. त्यावरच्या अनोळखी माणसाला काळा चष्मा आणि काळं जॅकेट घातलंय. आमच्या अमरावतीच्या उन्हात असं जॅकेट घालून कोणी निघाला, तर तो गुन्हा करायच्या आधीच चक्कर येऊन पडेल. तरी मी तोच तक्ता दाखवते, कारण दुसरा मिळत नाही.

माझी भाची आठ वर्षांची. धाकट्या बहिणीची मुलगी, अकोल्याला असते. तिलाही मी हे सगळं पढवून ठेवलं होतं. दिवाळीच्या तोंडावर बहिणीचा फोन आला. "ताई, हे पोट्टी विचारून राहिली, भातकुलीचा मामा कधी येते म्हनून. कोन मामा वं?"

भातकुली आमचं माहेर. पण आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. भाचीला मामा असायचं कारणच नव्हतं. मी मिळेल त्या बसने अकोला गाठलं.

बहिणीच्या मोबाइलवर एक खेळ होता, रंगीत ठोकळ्यांची घरं बांधायचा. त्यात खेळता खेळता एकमेकांना लिहिता येतं, हे घरात फक्त भाचीला माहीत होतं. तिथे एकाने तिला विचारलं, गाव कोणतं. तिने सांगितलं, अकोला. आईचं माहेर कोणतं? भातकुली. अरे वा, मीपण भातकुलीचाच, म्हणजे मी तुझा मामा!

आता आमच्याकडे आईच्या गावचा कोणताही माणूस मामाच असतो. इतकी वर्षं तिने मैत्रिणींचे मामा पाहिले होते. तिला बिचारीला आयताच एक मिळाला. मग मामाने शाळा विचारली, ऑटो कोणत्या चौकात सोडतो ते विचारलं, शाळेच्या ड्रेसमधला फोटो मागितला. फोटो तेवढा गेला नव्हता, कारण बहिणीने त्या दिवशी मोबाइल काढून घेतला होता. शेवटी त्याने लिहिलं होतं, "भाऊबीजेला येतो. तुला चौकातच भेटतो. आईला सांगू नको, गंमत आहे."

मी तिला जवळ घेतलं आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, असं आपलं ठरलं होतं ना?"

"पन मावशी, तो अनोळखी नोता," ती रडत म्हणाली. "आमची ओळख निघाली होती."

आमच्याकडे मूल बोलायला लागलं की त्याला शिकवतात, कोनाची वं तू, कोन्या गावची, मामाचं गाव कोनतं. पटपट उत्तरं दिली की पोट्टी हुशार. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडे माणसं एकमेकांची ओळख काढत बसलेली असतात आणि ती निघाली की खूश होतात. कोणी अनोळखी नसतोच, त्याची ओळख फक्त निघायची राहिलेली असते. तिने नेमकं तेच केलं होतं, जे आम्ही तिला शिकवलं. माझा तक्ता गेला चुलीत.

खरा संताप पुढे आला. आमचे वडील बहिणीकडेच राहतात. त्यांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि म्हणाले, "कोनाचा असन बरं हा? मारुतीच्या देवळामागं ते घर नाही का, त्याइचा धाकटा पुन्याले असते. तोच तर नसन?"

"बाबा, तो भातकुलीचा नाहीच! नीट वाचा, 'आईला' लिहिलंय त्याने. आपल्याकडचा असता तर 'आईले' लिहिलं असतं."

"शिकलेला असन," बाबा म्हणाले. "एकडाव विचारून तर पाय, कोन्या घरचा म्हनून."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोवर भाऊजींचा हात तो खेळ पुसून टाकायला निघालाच होता. मी मोबाइल हिसकावला आणि आधी सगळ्या लिखाणाचे फोटो काढून ठेवले. तक्रार करायची म्हटल्यावर ते भडकले. "पोरीचं नाव कायले पोलिसात न्यायचं? चार लोकं काय म्हनतीन?" चार लोकांची काळजी सगळ्यांना, पोरीची कोणालाच नाही! मी इतकी बोलले की शेवटी ते मुकाट्याने सोबत आले. तक्रार झाली, ऑटोवाल्याला ताकीद दिली, शाळेत सांगितलं. भाऊबीजेला चौकात कोणी आलं नाही. तो कोण होता, कुठला होता, काही कळलं नाही.

मी मात्र भाचीला नवा धडा दिला. अनोळखी हा शब्दच काढून टाकला. कोणीही, मोबाइलवर असो की समोर, ओळख काढायला लागला की एकच म्हणायचं, आईले विचारून सांगतो. मीच मामा, काका, आजोबा होऊन तिची परीक्षा घेतली. ती पास झाली.

मग आमच्या नात्यातलं एक लग्न अमरावतीला होतं. जेवणं सुरू होती. टोपीवाले एक गृहस्थ हसत हसत भाचीपुढे वाकले. "कोनाची वं बाई तू? कोन्या शाळेत जातं?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईले विचारून सांगतो."

मला तिला तिथल्या तिथे उचलून घ्यावंसं वाटलं. पण आजूबाजूच्या बाया हसल्या. "मोठी शिष्ट आहे वं!" ते गृहस्थही जरा ओशाळले. बाबांना ते सहन झालं नाही.

"शिष्ट नाही, लाजते," ते पुढे होऊन म्हणाले. आणि त्यांनी तिचं नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, शाळा सांगितली, ऑटो तिला कोणत्या चौकात सोडतो तेसुद्धा सांगितलं. मी हातातलं ताट टाकून पोचेपर्यंत सगळं सांगून झालं होतं. गृहस्थांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बाबांना रामराम केला आणि गर्दीत निघून गेले.

भाचीने माझा पदर ओढला. "मावशी, म्या नाही सांगितलं."

बाबा त्या गर्दीकडे पाहत होते. मग माझ्याजवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं, "काय वं बाई, कोन होता तो?"