छातीच्या तळातला श्वास

आमच्या काचेच्या भट्टीत अल्वारइतका फुंकर जपणारा माणूस दुसरा नव्हता. माझा नवरा म्हणून नाही सांगत. पेल्यांच्या कडा घासायचं काम माझं होतं आणि भल्याभल्यांचे वाकडे पेले मी मुकाट्याने भंगारात टाकलेत. अल्वारचा क्वचितच. पोरवयात बापाने काच फुंकायची नळी हाती दिली तेव्हा एकच गोष्ट त्याच्या डोक्यात भरवली होती: नळीला तोंड असताना छाती रिकामी करायची नाही. रिकामी छाती हवा आत ओढते, आणि नळीच्या पलीकडे आग असते. म्हणून फुंकर गालातली, थोडकी, आणि लगेच नळीवर अंगठा.

असा माणूस बघता बघता वाळला. दोन घास खाल्ले की पोट टम्म फुगायचं. पुढे बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. संध्याकाळी भट्टीच्या धगीवर हेरिंग मासे भाजून सगळे एकत्र जेवायचे, तेव्हा हा नुसता पाणी पीत बसायचा.

"काय रे, कितवा महिना?" त्याचा जोडीदार ओलोफ ओरडायचा.

"बारशाला बोलावतो ना तुला," हा हसून म्हणायचा, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

दवाखान्यात सगळं तपासून झालं. श्वासही तपासला. गोड पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचं. काहीच निघालं नाही. मनावर ताण असेल, म्हणाले. ते कानावर गेल्यावर मालकाने त्याला गोदाम सांभाळायला सुचवलं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या शहरात पुन्हा तपासू, असा मी हट्ट धरला.

"तिथेही काही निघालं नाही, तर गोदामाच्या किल्ल्या घेतो," अल्वार म्हणाला. "आणि मग तूही हा विषय काढायचा नाहीस."

तिथे सिर्पा नावाची नर्स होती, आमच्याच वयाची. गोड पाण्याआधी तिने एकदा फुंकायला सांगितलं. अल्वारने गाल फुगवले, पिशवीत जराशी हवा सोडली आणि पिशवीच्या नळीवर अंगठा दाबला.

"हे काय?"

"फुंकलं की!"

"ही गालातली हवा झाली. मागच्या वेळीही असंच केलंस?"

"जन्मभर असंच फुंकतोय, बाई."

"पेल्याला चालत असेल. मला छातीच्या तळातला श्वास हवाय, अगदी शेवटचा. रक्ताला भेटून आलेला असतो तो."

अल्वारच्या कपाळावर घाम आला. माझा हात घट्ट धरून तो फुंकत राहिला, मध्येच थांबला, पुन्हा फुंकला. शेवटी छाती पार रिकामी झाली तेव्हा भेदरलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता.

मग गोड पाणी. मग पुन्हा फुंकणं, पुन्हा वाट पाहणं. आणि पिशवीतली हवा तपासणाऱ्या यंत्रावरचा आकडा चढायला लागला.

"हायड्रोजन," सिर्पा म्हणाली. "आपलं शरीर हा वायू बनवतच नाही. जंतू बनवतात. ते मोठ्या आतड्यात असायला हवेत. तुझ्या लहान आतड्यातच त्यांनी वस्ती केलीय. साखर पोचताच जेवायला बसले बघ. तुझं अन्न तेच खातात, म्हणून तू वाळलास. बोटंही बहुधा त्यामुळेच. औषध आहे यावर."

मी थक्क झाले. डोळ्यांना न दिसणारे जीव त्या अंधारात जेवतात, त्यांचा वायू रक्तात उतरतो, रक्तातून छातीत येतो आणि माझ्या नवऱ्याच्या ओठांवाटे बाहेर पडतो! त्याच श्वासाशेजारी मी इतकी वर्षं झोपत होते.

अल्वार मात्र यंत्राकडेच बघत होता.

"म्हणजे हे खरंच आहे? माझ्या मनाचं नाही?"

"आकडा समोर आहे की."

"मग मोठ्याने वाच."

तिने वाचला.

"मला नको," तो म्हणाला. "हिला वाचून दाखव. माझ्यावर विश्वास ठेवणारी ही एकटीच उरली होती."