आत बसणाऱ्याची उजवी बाजू

काकांना एखादी वस्तू नीट बघायची असली की ते आधी डोळे मिटायचे. मग ती दोन्ही हातांत घेऊन तिच्यावरून सावकाश बोटं फिरवायचे. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातून कुकरचं झाकण घेतलं, डोळे मिटले, रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे बदलायला हवं. एका जागी चिरलंय." तेच झाकण मी नुकतंच घासून ठेवलं होतं. मला काही दिसलं नव्हतं.

नंतर कळलं की त्यांची नजर मधोमध जात चालली होती. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. मी दारात उभी राहिले की माझा पदर दिसायचा, तोंड दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल. काका हे पाण्याची वेळ बदलल्यासारखं सांगायचे. डोळे मिटणं ही त्यांची तयारी होती. "एकदम अंधार झाला की माणूस धडपडतो," ते म्हणायचे. "मी आधीपासून सवय करून ठेवतोय."

काकी गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मुलगी नाशिकला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेलिकॉप्टरची देखभाल करण्यात घालवली होती. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसं ने-आण करणारं हेलिकॉप्टर. कधी कुठली बोट अडचणीत आली तर त्याच हेलिकॉप्टरमधून तार खाली सोडून माणसं वर ओढायची. ती तार गुंडाळणारं यंत्र, विंच म्हणतात त्याला, उजव्या दाराच्या वर बसवलेलं असायचं आणि ते चालवायला काकाच जायचे. दारात पोटावर पडून खाली बघत राहायचं, हे त्यांचं काम. "पायलट पुढे बसतो," ते सांगायचे, "त्याला खालचा माणूस दिसत नाही. तो मला दिसतो. म्हणून मी बोलायचं आणि त्याने ऐकायचं." मला वाटायचं, एवढं मोठं यंत्र एका पोटावर पडलेल्या माणसाच्या शब्दावर थांबून राहतं.

ते हेलिकॉप्टर पुढे भंगारात गेलं. आणि काकांच्या मनाने घेतलं की डोळे पुरते जाण्याआधी त्याचं छोटं रूप घरात असलं पाहिजे, हाताने बघता येईल असं. जवळजवळ त्याच जातीच्या हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचं एक खोकं त्यांनी मागवलं. सगळं जोडून ते हातभर लांब झालं असतं. पण खोक्यातलं हेलिकॉप्टर बड्या लोकांचं निघालं. आत सोफे. काकांनी ते सोफे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "आमची माणसं यावर बसली असती तर उतरलीच नसती." शिवाय दाराच्या कड्या, पायऱ्या, इंजिनाच्या झाकणाच्या खिट्या, हे सगळं त्यात नुसत्या रेषांनी दाखवलेलं. रंगाला आणि चिकटवायच्या चित्रांना काकांनी हातही लावला नाही. "बोटाला जे लागत नाही ते माझ्या काय कामाचं?"

म्हणून जे जे बोटाला लागायला हवं ते ते त्यांनी छापून घ्यायचं ठरवलं. प्लॅस्टिकच्या वस्तू छापून मिळतात हे मला तोवर माहीत नव्हतं. काशीमीऱ्याला गॅरेजांच्या ओळीत जिग्नेशभाईंचं दुकान आहे. आपण माप आणि फोटो पाठवायचे, ते कॉम्प्युटरवर आकृती काढतात, आणि त्यांचं यंत्र तो भाग थरावर थर देऊन उभा करतं. घरी आला की त्याला टेकू म्हणून छापलेल्या काड्या मोडायच्या, पाणी लावून बारीक कागदाने घासायचं. आधी मापं काका स्वतः घेत. मग आकडे दिसेनासे झाले आणि ते काम माझ्याकडे आलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पॉइंटच्या पुढचा आकडा आला की मला घाम फुटायचा. मापाचा चिमटा मी पहिल्यांदा धरला तेव्हा इतका आवळला की काका म्हणाले, "ताई, आपण पोळी लाटत नाही. नुसता टेकवा." पुढे म्हणाले, "पोळीचे चार तुकडे करता ना? तसे एका मिलिमीटरचे दहा करा. पॉइंट दोन म्हणजे त्यातले दोन." सहा महिन्यांत मी मापं न चुकता सांगायला लागले. भात लावायचा, हात पुसायचे, दार मोजायचं, पुन्हा भात बघायचा.

त्यांची हत्यारं एका ट्रेमध्ये असत आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा खालच्या स्पंजमध्ये कापलेला होता. काम संपलं की मोजायची. एकदा बारीक चिमटा सापडेना. मी घाबरून म्हटलं, इथेच असेल कुठेतरी, उद्या शोधू. काका खुर्चीतून हलले नाहीत. "सापडल्याशिवाय मशीन उडत नाही," म्हणाले. चिमटा माझ्याच पिशवीत निघाला, कोथिंबिरीच्या जुडीत. माझी मान वर होईना. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे चूक सांगणाऱ्याला कोणी ओरडायचं नाही. सांगितलेली चूक जमिनीवर राहते. न सांगितलेली हवेत जाते."

श्रावण संपत आला होता. मुलगी रविवारी येऊन काकांना कायमचं नाशिकला नेणार होती. तोवर एवढंच बाकी होतं, विंच. तिकडे गेल्यावर ते कोण करणार? मुलीला नोकरी, घर, आणि या कामाची तिला सवय नव्हती. काका तसं बोलत नसत, पण रोज सकाळी विचारत, "जिग्नेशचा फोन?"

फोन आला तेव्हा काका आंघोळीला गेले होते. "मौसी, विंच का बाकी सब रेडी है. जिस दरवाजे पे लगेगा उसका फोटो डालो ना. इधर का उधर हो गया तो बैठेगा नहीं." एरवी मी म्हटलं असतं, काकांना विचारून सांगते. नेहमी मी तेच म्हणायचे. त्या दिवशी मात्र मला वाटलं, यात काय विचारायचं? उजवं दार, काकांनी दहादा सांगितलंय. हेलिकॉप्टर टेबलावर माझ्याकडे तोंड करून उभं होतं. मी समोर उभी राहिले, जेवायचा हात पुढे केला, त्या हाताकडच्या दाराचा फोटो काढून पाठवला.

"पक्का यही?"

"हां, राइटवाला. पक्का."

गुरुवारी भाग आला. काकांनी तो हातात घेऊन डोळे मिटले आणि नुसते "वा" म्हणाले. चिकटवायचं काम माझं. "बसला?" "बसला." "उजवीकडेच ना?" "हो." मग म्हणाले, आता उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही, आणि आपलेच हात काखेत धरून बसले. लहान मुलासारखे दिसत होते.

संध्याकाळी मी गणपती ठरवायला गेले. माझ्यापुढे एक काकू मूर्तिकाराशी भांडत होत्या. "मी डाव्या सोंडेचा सांगितला होता. ही काय, उजवीकडे वळलीय."

"काकू, ती तुमची उजवी," मूर्तिकार म्हणाला. "बाप्पाची डावीच आहे. बाप्पाच्या पाटावर बसून बघा जरा."

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सोंडेचं हे मला लहानपणापासून माहीत होतं, कोणी झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. हेलिकॉप्टरला पण तसंच असणार, हे मला सुचलं नव्हतं.

घरी जाताना मी एक गोष्ट जुळवून ठेवली होती. सकाळी लवकर जायचं, भाग काढायचा आणि सांगायचं की पडला, तुटला. जिग्नेशभाईंना सांगायचं, काकांना बोलू नका. मी बोलायला कच्ची आहे, पण गप्प राहणं मला चांगलं जमतं. त्यावरच माझं आयुष्य निघालंय.

सकाळी गेले तर काका चहाची वाट बघत टेबलाशी बसलेले. हात अजून काखेत. मी चहा ठेवला आणि तिथूनच म्हटलं, "काका, विंच डाव्या दारावर लागलाय. माझ्यामुळे."

चहावर साय धरली. मग काकांनी विचारलं, "कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"कसं?"

मी सोंडेचं सांगितलं. आधी त्यांच्या खांद्यांना हसू आलं, मग तोंडाला. "उजवं-डावं बघणाऱ्याचं नसतं, ताई. आत बसणाऱ्याचं असतं. आमच्याकडे नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात. तुम्हाला मी सांगितलं नाही, तेव्हा अर्धी चूक माझी धरा. आता दोरा आणा."

शिवणाचा दोरा भागाच्या मागे घालून करवतीसारखा ओढायचा होता. त्यांनी सांगायचं आणि मी ओढायचं. "सावकाश. आता उजवीकडे, तुमच्या उजवीकडे." विंच सुटला, पण सोबत दारावरचा नखाएवढा टवका घेऊन. काकांनी त्या भोकावरून बोट फिरवलं. बुजवून घासायला वेळ नव्हता. पातळ प्लॅस्टिकचा चौकोन कापून मी त्यावर ठिगळ लावलं. बोटाला चांगलंच लागत होतं ते.

जिग्नेशभाईंनी उलटा भाग रातोरात छापून ठेवला आणि शनिवारी सकाळी मी रिक्षाने जाऊन घेऊन आले. या वेळी चिकटवण्याआधी मी मनातल्या मनात पायलटच्या जागी बसले, समोर तोंड केलं आणि मगच हात उचलला.

रविवारी सकाळी काकांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढायला सांगितलं. आजवर त्याला मी फक्त फडकं मारलं होतं. "मशीनला काहीही केलं की वहीत लिहायचं. काय बिघडलं, काय केलं, कोणी केलं. खाली सही. वही नेहमी मशीनबरोबर जाते. लिहा." मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते म्हणाले, "काम तुम्ही केलंय. शब्दही तुमचे."

बऱ्याच वेळाने मी लिहिलं: 'डाव्या दारावर चुकून विंच बसवला. तो काढला. तिथे ठिगळ लावलं. विंच उजव्या दारावर बसवला.' त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, "नाव?" मी पूर्ण नाव लिहिलं, सही केली. बँक सोडून मी कुठे सही केली नव्हती.

"आता उडायला मोकळं," काका म्हणाले, आणि डोळे मिटून हात पुढे केले. मी हेलिकॉप्टर त्यांच्या हातात दिलं. शेपटीपासून बोटं निघाली. ठिगळाशी थांबली, पुढे गेली. मग उजव्या दाराशी आली, विंचवरून वर गेली, तारेवरून खाली आली. बराच वेळ ते त्या दारातून बाहेर आले नाहीत. मुलगी खाली गाडीत सामान भरत होती. मी आत जाऊन गॅस पुसत राहिले.

त्यानंतर दोनदा फोनवर बोलणं झालं. दिवाळीनंतर काका झोपेतच गेले, असं मुलीने कळवलं. महिन्याभराने तिचा पुन्हा फोन आला. तिला ते हेलिकॉप्टर काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. रंगवून देणारा एक माणूस मिळाला होता. "ताई, याच्या डाव्या बाजूला एक तुकडा चिकटवलाय. तो काढून, गुळगुळीत करून घेऊ ना? तुम्हाला काही माहीत आहे का त्याचं?"

"नको," मी म्हटलं.

मला नाही म्हणताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"का नको ते वहीत लिहिलंय," मी म्हटलं. "शेवटचं पान बघा."

पानं उलटल्याचा आवाज आला. तिने ती चार वाक्यं वाचली, हळू आवाजात, एकेक शब्द. मग माझं पूर्ण नावही वाचलं. ते तिच्या ओळखीचं नव्हतं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं.