तिघींचं एकच नाव

माझ्या आजोबांनी तीन लग्नं केली. पहिली बायको माझ्या वडिलांच्या वेळच्या बाळंतपणातच गेली, दुसरीही फार टिकली नाही, आणि तिसरीने वडिलांना वाढवलं. तिघींचं लग्नात ठेवलेलं सासरचं नाव मात्र एकच. वडिलांना लहानपणापासून तो योगायोग वाटत आला होता.

वयाच्या एकसष्टीच्या सुमारास मालवणच्या डॉक्टरांनी वडिलांना हृदय जपायला सांगितलं. त्यानंतर एका सकाळी ते मला म्हणाले, "म्हाळाक आईचा नाव घेतलय की माका सावत्र आईच दिसता. माझ्या खऱ्या आईचा माहेरचा नाव तेवढा कळाक व्हया होता." म्हाळ म्हणजे आमच्याकडचं पितृपक्षातलं श्राद्ध. वडील थकलेले, म्हणून मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागताच मीच निघाले.

आधी देवगडला मूळ घरी गेले. वडिलांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, पडवीत बसून आंब्याच्या पेट्या भरून घेत होते. देवळात आपल्या घराण्याचा मान कितवा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे त्यांनी खापरपणज्यापासून धडाधडा सांगितलं. मी आजीचं माहेरचं नाव विचारलं, तर पान थुंकून म्हणाले, ते कोण लक्षात ठेवतो? मग तिघींचं नाव एकच कसं, असं विचारल्यावर ते मनापासून हसले.

"बायल बदलली म्हणान हाक कित्याक बदलूची गो? घरातल्यांका सवय झालेली असता."

म्हणजे लग्नात ताटातल्या तांदळांवर दर वेळी मुद्दाम तेच नाव काढलं होतं. मेलेलीचं लुगडं नवीला नेसवावं, तसं. काकूने पुढे ठेवलेलं सोलांचं सरबत मी तसंच बाजूला सारलं. काकू शेजारीच उभी होती. काका हसले तशी तीही हसली, आणि त्याची मला जास्तच शिसारी आली.

तिथून मिठबावला आजीच्या माहेरी गेले. तिच्या भावाच्या मुलाने आधी आगतस्वागत केलं, मग जमिनीत वाटा मागायला आले की काय अशा शंकेने त्याचा चेहरा आंबला. नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. दिल्या घरी गेलेली मुलगी, संपला विषय. खळ्यात एक म्हातारी कोकमं फोडत बसली होती. ती आजीची धाकटी बहीण, विधवा होऊन माहेरी परतलेली. तिला मात्र आठवावंही लागलं नाही. तिने नाव सांगितलं, मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "सासरच्या नावान हाक मारलेली तिका आवडा नाय गो चेडवा. ती ओच देय नाय."

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घराण्याने बायकांची नावं पुरेशी वापरली आहेत.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वडील एवढंच म्हणाले की इतकी वर्षं हाक मारली, आणि तिने ओ दिली नसणार.

त्या भाद्रपदात म्हाळाला काका देवगडहून आले. भटजींनी शास्त्राप्रमाणे सासरचं नाव घ्यायला लावलं, वडिलांनी ते घेतलं. त्यानंतर कुणी सांगितलं नसताना त्यांनी माहेरचं नाव मोठ्याने घेऊन ओंजळभर पाणी सोडलं. पानं मांडली, मी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढत होते. वडा मोडता मोडता काका म्हणाले, "लगीन झाला की ता नाव मेला. परक्या घरचा नाव आमच्या म्हाळात कित्याक?"

म्हाळाच्या पानावरून माणसाला उठवणं याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. वडिलांनी आयुष्यात कधी थोरल्या भावासमोर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"दादा," ते म्हणाले, "पानावरसून ऊठ."